सावळीरामची डावी पोटरी

मी पोटरी बोलतेय. सावळीरामच्या डाव्या पायाची. गुडघ्याच्या मागून निघून टाचेपर्यंत पोचणारी आणि दिवसभर पँटच्या आत अंधारात राहणारी. माझा आवाज तुम्हाला ओळखीचा वाटणार नाही, कारण माझ्याशी कुणी बोलत नाही आणि माझ्याबद्दलही कुणी बोलत नाही. पायात गोळा आला की तेवढ्यापुरती मी आठवते. मग "आई गं" करत मला चोळतात, चार शिव्या घालतात आणि विसरतात.

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव जिवाला घोर लावून घेण्याचा आहे. त्याला माझा इलाज नाही. कामच तसं आहे.

माणूस उभा राहिला की त्याचं वजन घोट्याच्या बरोबर वर पडत नाही, चार बोटं पुढे पडतं. म्हणजे तुमच्यातला प्रत्येक उभा माणूस सतत तोंडावर पडायला निघालेला असतो. त्याला टाचेमागच्या जाड शिरेने धरून मागे ओढायचं काम माझं आणि माझ्या उजव्या बहिणीचं. जरा जास्त ओढलं तर तो मागे कलंडेल, म्हणून ओढलं की लगेच सोडायचं. सोडलं की तो पुन्हा पुढे झुकतो. पुन्हा ओढायचं. लहानपणी तळहातावर खराटा उभा धरायचा खेळ तुम्ही खेळला असाल. खराटा स्थिर दिसतो, पण खालचा हात कसा सारखा हलत असतो, आठवतंय? तो हात म्हणजे मी. फक्त माझ्यावर खराट्याच्या जागी अडुसष्ट किलोंचा सावळीराम आहे.

आणि लोक म्हणतात, "नुसता उभा होतो हो, काही करत नव्हतो."

हे काम आंधळेपणाने होत नाही. मला बातम्या लागतात. तळवा सांगतो, वजन बोटांवर आलंय की टाचेवर. कानाच्या आत कुणीतरी बसलंय, ते सांगतं डोकं कुठे झुकलं. आणि डोळे सांगतात की समोरची भिंत सरळ आहे का. तिघांत तळव्याची बातमी सगळ्यात आधी येते आणि तीच मला सगळ्यात खरी वाटते. निदान तेव्हा वाटायची.

सावळीरामचा जन्म निफाडकडच्या एका खेड्यातला. तो उशिरा उभा राहिला. त्याच्या बापाने बाभळीच्या लाकडाचा पांगुळगाडा करून घेतला होता, पण त्याला तो नको असायचा. त्याची आई, धोंडाबाई, समोर बसून आपलं एक बोट पुढे करायची. तो ते बोट धरून उभा राहायचा. बोट काढून घेतलं की धपकन खाली. पुन्हा बोट दिलं की उभा. मी तेव्हा मऊ, बावळट होते. मला नवल वाटायचं, एवढ्याशा बोटावर या पोराचं वजन कसं पेलतं? खरं म्हणजे पेलत नव्हतंच. तो बोटावर भार टाकतच नसे, नुसतं टेकवायचा. त्याचा उलगडा मला पन्नास वर्षांनी झाला.

शाळेत गुरुजी त्याला अंगठे धरून उभं करायचे. पाढे चुकायचा तो आणि ताणली जायचे मी. न्याय म्हणून काही असतो की नाही, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

विसाव्या वर्षी तो नाशिकला आला आणि अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर लागला. तिथे खुर्चीचा प्रश्नच नव्हता. मशीनसमोर एक लाकडी फळी आणि फळीवर आठ तास आम्ही. सुट्टी झाली की सायकल. त्या वर्षांत मी अशी घट्ट झाले होते की लग्नाच्या वेळी हळद लावणाऱ्या बायकांनी मला चापट मारून बघितलं होतं. लग्न लताबाईंशी झालं. वर्षं गेली आणि पायल झाली. एवढं मी सुखाने सांगू शकते.

पुढचं सांगताना मला अजून कसंतरी होतं. सावळीराम प्यायला लागला. कारखाना सुटला की चौघं मिळून जायची, मीठ-मिरची लावलेली उकडलेली अंडी नाहीतर सुकं मटण, आणि देशी. वर जाऊन ती दारू काय गोंधळ घालायची कोण जाणे, पण माझ्याकडे खोट्या बातम्या यायच्या. तो डावीकडे पडत असताना वरून सांगावा यायचा की उजवीकडे पडतोय. मी इमानाने ओढायचे आणि त्यालाच गटारात घालायचे. लताबाई येऊन त्याला काखेत धरून उचलायच्या. कितीदा उचलला असेल त्यांनी! तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. घरी येण्याआधी तो मूठभर बडीशेप चावायचा. तिने काही लपायचं नाही.

मग ती जयंतीची मिरवणूक आली. चौदा एप्रिल, ढोलांचा दणदणाट, निळे झेंडे. पायल दहा वर्षांची. गर्दीत दिसत नाही म्हणून तिने हट्ट धरला आणि सावळीरामने तिला खांद्यावर घेतलं. दुपारीच दोन ग्लास झाले होते, हे लताबाईंना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एवढं वजन आणि एवढं उंचावर! मी जीव खाऊन ओढत होते. वरून सांगावा आला, "मागे पडतोय." मी सोडून दिलं. तो पुढे पडत होता.

पायलच्या हनुवटीला चार टाके पडले.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर लताबाई पहिल्यांदा बोलल्या. "आजवर उचललं. हितून पुढं नाय उचलणार. परत पिऊन पडलात तर पोरीला घेऊन जाईन, आणि फिरून यायची नाय."

पुढच्या रविवारी सावळीराम विहारात गेला आणि सगळ्यांसमोर पाचवं शील नव्याने घेतलं, की मादक काही घेणार नाही. माणूस तसा हट्टी. दारूबरोबर त्याने मटण, मासळी, अंडीसुद्धा सोडली. म्हणायचा, "अंड्याचा वास आला का ग्लास आठवतो. दोन्हीचं तोंड एकदमच बंद केलेलं बरं." पुढे साखर निघाली तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दुधाचा चहाही गेला. चौदा वर्षं त्याने वरण, भाकरी आणि कोऱ्या चहावर काढली. एक थेंबसुद्धा घेतला नाही. याची साक्ष कुणी द्यायची तर मीच देऊ शकते.

आता माझी खरी काळजी सांगते.

गेल्या पावसाळ्याच्या आसपास तळव्याचा आवाज बारीक झाला. आधी वाटलं, जाड मोजा घातला असेल. मोजा नव्हता. मी विचारायचे, वजन कुठे आहे? उत्तर यायला उशीर. आलं तरी पुसट, भिंतीपलीकडून बोलल्यासारखं. पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि सावळीरामला चार पावलं कळायचं नाही. मी घाबरले. तळवा गप्प झाला तर मी कुणाच्या भरवशावर ओढायचं आणि सोडायचं? मग मी डोळ्यांच्या बातम्यांवर काम भागवू लागले. त्या उशिरा येतात, पण येतात. फक्त डोळे उघडे हवेत.

तुम्ही दिवसातून किती वेळा डोळे मिटता, कधी मोजलंय का? मी मोजायला लागले. सकाळी अंघोळीला तोंडाला साबण लावला की डोळे बंद, आणि लगेच कपाळ भिंतीवर. एकदा डाव्या भुवईवर टेंगूळ आलं, एकदा कोपर सोललं. अंबडला एकदा भर दुपारी लाइट गेली. वर्कशॉपला खिडक्या नाहीत. मिट्ट अंधारात तो झुलला आणि हात ड्रिलच्या टेबलावर आपटला. मशीन बंद पडलं होतं म्हणून बोटं राहिली. सुपरवायझर धनराज मोबाईलचा उजेड घेऊन आला. "काका, बरं वाटत नाही का? उद्यापासून बसून बोल्ट निवडा." पस्तीस वर्षं उभ्याने काम केलेल्या माणसाला स्टूल दिलं, तेव्हा मी आणि बहीण दोघी लाजेने मेलो.

आणि या माणसाने हे कुणालाही सांगितलं नाही! का, तर त्याला वाटत होतं की ही जुनी दारूच आहे, आत कुठेतरी साठून राहिलेली, आता वसूल करतेय. म्हणून तो टेंगूळ लपवायचा, पाय घट्ट रोवून चालायचा आणि जेवण झालं की जास्तच बडीशेप खायचा. सवयच होती ती. पण लताबाईंना त्या सवयीचा अर्थ एकच ठाऊक होता.

आमचं विहार लहान आहे. बसून सगळे मावत नाहीत, म्हणून रविवारची वंदना उभ्याने होते. पाय जुळवायचे, हात जोडायचे, डोळे मिटायचे. पुढच्या रांगेत पुरुष, मागे बायका. वंदना गोटीरामदादा घेतात. ते आमच्या कॉलनीतले बौद्धाचार्य, आवाज मोठा आणि नजर त्याहून मोठी. जानेवारीतल्या त्या रविवारी मी आधीपासूनच धास्तावले होते. पाय जुळवले म्हणजे उभं राहायला जागा कमी. डोळे मिटले म्हणजे बातमी बंद. पहिल्या शीलापासून तो हलायला लागला. तिसऱ्याला मी इतकं ओढलं की टाच उचलली गेली. पाचव्या शीलाला, बरोबर त्या पाचव्याच शीलाला, तो पुढे गेला आणि मेणबत्त्यांचं ताट घेऊन पडला.

काही पेटलं नाही. पण वंदना थांबली. गोटीरामदादांनी त्याला उठवताना चेहरा अगदी जवळ आणला आणि नाकाने श्वास घेतला. तो श्वास सगळ्या विहाराने ऐकला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लागली वाटतं परत."

लताबाई झपाझप पुढे चालत घरी आल्या. आत येऊन त्यांनी डब्याची पिशवी उलटी केली, पाण्याची बाटली हुंगली, गादीखाली हात घातला. सावळीराम दारातच उभा होता, चौकट धरून.

"मी पीत नाय, लता."

"बडीशेप कशाला लागते एवढी? तवाबी लागायची."

"पायलची आण."

"तिची आण घेऊ नका. तिच्या हनुवटीकडं बघून बोला." मग त्या जवळ आल्या. "पीत नाय ना? मग सोडा ती चौकट. हात जोडा, डोळे मिटा आणि बोला."

मी ओरडत होते, नको, मिटू नको! पण पोटरीचं ऐकतो कोण? त्याने हात जोडले. पाय जुळवले. डोळे मिटले. "मी..." एवढंच बोलला आणि तो कपाटावर गेला. वरचे डबे गडगडत खाली आले.

लताबाईंनी त्याला उचललं नाही. त्या डबे उचलत राहिल्या. सगळे जागेवर ठेवून झाल्यावर म्हणाल्या, "पायलचं लग्न मे महिन्यात हाय. तिच्या सासरच्यांनी एकच विचारलं होतं, पोरीचा बाप घेत नाय ना? मी छातीठोक सांगितलं, नाय. आता लग्नात पुढं तिचा मामा उभा राहील. रवीला मी सांगते. तुम्ही मागं खुर्चीत बसा. लग्न झालं की माझं मी बघते, कुठं जायचं ते."

पायल संध्याकाळी आली तेव्हा तिने त्याच्याजवळ बसून विचारलं, "पप्पा, मला तरी खरं सांगा." खरं तेच तर तो सांगत होता! तो उठून अंगणात गेला, आणि मी पहिल्यांदा त्याचं वजन असं अनुभवलं की उभं राहायची त्याला स्वतःलाच इच्छा नाही. तसं वजन ओढायला फार जड असतं.

त्यानंतर तो विहारात डोळे उघडे ठेवून उभा राहू लागला. ते गोटीरामदादांनी पाहिलं आणि लताबाईंना कळवलं. म्हणजे आता श्रद्धाही गेली, असं ठरलं. दीड महिना घरात कामापुरतं बोलणं होतं. मी दिवसरात्र ताठ असायचे, झोपेतही. आपल्यामुळे एका माणसाची पत जातेय आणि आपल्याला तोंड नाही, यापेक्षा वाईट काय असेल, मला माहीत नाही.

लताबाई इंदिरानगरला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मदतनीस आहेत. झाडणं-पुसणं, शेकाच्या पिशव्या गरम करणं, म्हाताऱ्यांना खाटेवर चढायला हात देणं. मार्चमध्ये एका दुपारी त्या वेळेआधीच घरी आल्या. सावळीरामची रात्रपाळी होती, तो घरीच होता. चप्पल न काढता त्या आत आल्या.

"उठा. हिकडं या, मधे."

"काय झालं?"

"पाय जुळवा. डोळे उघडे ठेवा." तो उभा राहिला. ठीक उभा राहिला, मी होतेच. "आता मिटा."

"लता, परत कशाला..."

"मिटा म्हणते ना."

त्याने मिटले. झुलला. पण या वेळी त्या समोर उभ्या होत्या, दोन्ही हात पुढे धरून. तो त्यांच्या अंगावर आला आणि त्यांनी त्याला तसाच धरून ठेवला. मग त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. कोरा चहा. त्यांनी पुन्हा वास घेतला आणि रडायला लागल्या.

"आज एक बाई आल्या होत्या. शाळेतनं रिटायर झालेल्या, माळकरी. त्यांनी काय दारू पाहिली असंल? मॅडमनी त्यांना पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं. अगदी अस्सं झालं. अगदी तुमच्यासारखं. मी फडकं घेऊन उभी, हातातनं फडकं पडलं. मी विचारलं, मॅडम, ह्या पीत नाहीत ना? तर मॅडम हसल्या. म्हणल्या, लताबाई, ह्यांच्या तळव्यांना कळेनासं झालंय, डोळ्यांवर उभ्या आहेत त्या."

डोळ्यांवर उभ्या आहेत! इतके महिने मी हेच सांगतेय. शेवटी कुणीतरी ते माणसांच्या भाषेत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या त्याला घेऊन गेल्या. मॅडमनी एक लोखंडी काटा थरथरवून त्याच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर कळतेय का?" "कसली?" म्हणाला तो. मग मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह म्हणून काहीतरी असतं, शिरांना लागतं, ते त्याच्या रक्तात जवळजवळ उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "मटण, मासे, अंडी?" "चौदा वर्षं बंद." "दूध?" "चहापुरतं होतं, तेपण सोडलं." "साखरेच्या गोळ्या किती वर्षं?" "दहा." डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांनीही ते कमी होतं, आणि तुम्ही बाहेरून येणारी वाटही बंद केली. का सोडलं सगळं?

लताबाई म्हणाल्या, "दारू परत लागू नये म्हणून, साहेब."

ज्या शपथेने त्याने दारू सोडली, तिच्याच हट्टापायी तो दारुड्यासारखा झुलायला लागला होता. मी खाटेवर लोंबकळत ऐकत होते. मला रडू येत नाही, मी फक्त थरथरते. तेवढं केलं.

इंजेक्शनं सुरू झाली. "काही परत येईल, काही येणार नाही. उशीर झालाय," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. लताबाईंनी एकदा अंडं उकडून पुढे ठेवलं. त्याने ते हातात घेतलं, वास घेतला आणि ताटलीत परत ठेवलं. "सुई टोचू दे हवी तेवढी. हे नको." त्यांनी ते अंडं उचलून पायलला दिलं आणि पुन्हा कधी आग्रह केला नाही. रोज सकाळी मात्र त्या त्याला ओट्यापाशी उभं करायच्या. ओटा धरून टाचा उचलायच्या आणि हळू खाली सोडायच्या, वीस वेळा. मॅडमनी शिकवलेलं. छप्पन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला शिकवायला घेतलं होतं. कुकरच्या शिट्ट्या आणि लताबाईंचं "अजून पाच, अजून चार" यांच्या तालावर मी पुन्हा जरा भरू लागले. तळवाही अधूनमधून कुजबुजायला लागला. त्याचं सगळंच खरं मानावं असं अजून नव्हतं.

पायलने आईला बजावलं, "मामा नाय. पप्पाच उभे राहतील." लताबाईंनी आधीच रवीला फोन करून सांगून टाकलं होतं.

लग्न मेमध्ये, दुपारी साडेबाराला, एका शाळेच्या पटांगणात मांडव घालून. मला आदल्या दिवसापासून धडधड. मॅडमनी सांगितलं होतं, डोळे उघडे ठेवूनच उभे राहा. सकाळी पांढरा सदरा चढवताना लताबाईही तेच म्हणाल्या. "कोण बघतंय? उघडेच ठेवा."

"सगळे बघतायत," सावळीराम म्हणाला. "चौदा वर्षं शील डोळे मिटून घेतलंय. पोरीच्या लग्नात उघडे ठेवू?"

"पडलात तर?"

त्याने सदऱ्याची बटणं लावली. मला विचारलं असतं तर मी हात जोडले असते, मिटू नको म्हणून. हात मला नाहीत.

मांडवात उकाडा होता. पुढे प्रतिमा, फुलं, मेणबत्त्या. मेणबत्त्या पुन्हा! त्यांच्या समोर नवरा-नवरी, आणि पायलच्या मागे हातभर अंतरावर सावळीराम. त्याच्या डाव्या बाजूला लताबाई. गोटीरामदादांनी माईक घेतला. "सर्वांनी उभं राहावं." चारशे-पाचशे माणसं उभी राहिली, म्हणजे माझ्या जातीच्या हजारभर पोटऱ्या कामाला लागल्या. त्यांच्यातली एकही माझ्याइतकी घाबरलेली नसणार.

चार शीलं डोळे उघडे होते. मी मनात म्हटलं, असंच जाऊ दे, आता एकच राहिलं. गोटीरामदादा क्षणभर थांबले. सावळीरामने पाय जुळवले. आणि डोळे मिटले.

बातमी बंद. तळव्याला विचारलं, तो काहीतरी पुटपुटला, मला कळलं नाही. वजन पुढे सरकू लागलं. पुढे म्हणजे पायल. माझ्यापुढे ती मिरवणूक उभी राहिली, तो ढोल, ते खांद्यावरचं पोर. ओढू का सोडू? ओढू का सोडू? मी चौदा वर्षांपूर्वी चुकले होते आणि आता पुन्हा चुकणार होते.

तेवढ्यात कोपराला काहीतरी लागलं.

एक बोट. लताबाईंचं. धरलं नव्हतं, आधार दिला नव्हता, मुंगीला लागेल एवढाही जोर नव्हता. नुसतं टेकवलेलं. पण ते बोट जागचं हलत नव्हतं आणि सावळीराम हलत होता, त्यामुळे कोपराला बरोबर कळलं की आपण पुढे चाललोय. बातमी आली! तळव्याकडून नाही, कोपराकडून आली, पण खरी आली आणि वेळेवर आली. धोंडाबाईंचं बोट मला एकदम समजलं. मी ओढलं. बोटाचा स्पर्श हलका झाला, मी सोडलं. पुन्हा ओढलं. तो उभा होता. डोळे मिटून, हात जोडून, पाचवं शील मोठ्याने म्हणत, आपल्या पोरीच्या मागे सरळ उभा होता.

"मी हाय," लताबाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. शील संपलं, फुलं पडली, टाळ्या वाजल्या, तरी ते बोट तिथंच होतं.

आता जून संपत आलाय. मी पूर्ण बरी होणार नाही, तळवाही पहिल्यासारखा बोलणार नाही. बाथरूममध्ये लताबाईंनी एक दांडी बसवून घेतलीय आणि साबण लावायची वेळ झाली की बाहेरून विचारतात, "धरली का?" आतून "धरली" येईपर्यंत त्या दारातून हलत नाहीत. मला अजूनही प्रत्येक वेळी धास्ती वाटते. पण आता धास्ती वाटणारी मी एकटी नाही.

तो कामावर निघालाय, मला उठायला हवं. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं. रांगेत, विहारात, देवळात, लग्नात कुणी उभ्या उभ्या झुलताना दिसला, तर आधी त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. त्याच्या कोपराला एक बोट लावा. बाकीचं आम्ही बघतो.